बाळाच्या दातांना कीड का लागते? गोव्यातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली आणि सत्तरी भागात मी लहान मुलांचे दात तपासते. खुर्चीत मूल बसलेले असते, पण प्रश्न विचारते ती आई, कधी आजी, तर कधी रात्रपाळी संपवून थेट आलेला, डोळे तांबारलेला बाप. प्रश्न काहीही असो, त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, जो कोणी मोठ्याने विचारत नाही: "आमचं चुकलं कुठे?" म्हणून त्याचेच उत्तर आधी देते. कीड एखाद्या चॉकलेटमुळे लागत नाही, आणि एकट्या आईमुळे तर नाहीच नाही. मूल दिवसातून किती वेळा खाते, रात्री तोंडात काय ठेवून झोपते, दिवसभर त्याला कोण सांभाळते, दात घासून द्यायला घरात कोणाच्या हाती दोन मिनिटे उरतात, या सगळ्यातून ती लागते. म्हणजे घराचा दिवस जसा चालतो, तसे मुलाचे दात राहतात. पुढची उत्तरे हे मनात धरून वाचा.

मुलगी तीन वर्षांची आहे. वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजल्यासारखे दिसतात. ही कीडच का?

बहुतेक वेळा हो. लहान मुलांत कीड आधी वरच्या पुढच्या चार दातांना लागते, मग दाढांना. खालचे पुढचे दात बऱ्याचदा शाबूत राहतात, कारण दूध पिताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळही तिथे जास्त असते. त्यामुळे वर काळे खुंट आणि खाली पांढरेशुभ्र दात असे चित्र दिसले, की रात्रीच्या दुधाचा प्रश्न मी न चुकता विचारते. सहा वर्षांच्या आत दुधाच्या एका जरी दाताला कीड लागली, तरी तिला बालवयातील दंतकीड म्हणतात. तीन वर्षांच्या आत दाताच्या गुळगुळीत बाजूवर ती दिसली, तर ती गंभीर समजायची.

मात्र तपकिरी रंग ही पहिली पायरी नव्हे, तो बराच नंतर येतो. पहिली खूण पांढरी असते. महिन्यातून एकदा मुलाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर आडवे घ्या, वरचा ओठ अंगठ्याने उचला, आणि हिरडीलगतचा भाग कपड्याने कोरडा करून पाहा. दात जिथे हिरडीतून वर येतो, तिथे खडूने ओढल्यासारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, तर कीड सुरू झाली आहे. या टप्प्यावर ती थांबवता येते, परतवताही येते. खड्डा पडला की दात आपोआप भरून येत नाही. ही रेघ आईला दिसली, असे घर मला वर्षाकाठी मोजकेच भेटते. दिसत नाही म्हणून नव्हे, तर ओठ उचलून बघायचे असते हे कोणी सांगितलेलेच नसते.

दुधाचे दात पडणारच आहेत. मग एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकते, आणि मुलांना उशिरा आणले जाण्यामागे हाच समज असतो.

पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तीन वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ "पडेल आपोआप" म्हणून सोडली, तर त्याला आणखी सात-आठ वर्षे तिच्यासोबत काढावी लागतात. दुखणाऱ्या दाढेने मूल जेवत नाही, रात्री उठून रडते, एकाच बाजूने चावते, वजन धरत नाही. घरचे म्हणतात, "जेवणाच्या बाबतीत फार कटकट करतो." तोंड उघडून पाहिले की कटकटीचे कारण सापडते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुधाची दाढ खालच्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवते. ती लवकर काढावी लागली, की शेजारची दाढ पुढे सरकते आणि नंतर येणारा दात वाकडा येतो किंवा अडकतो. मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

कीड म्हणजे दातात खरोखरच किडा असतो का?

नाही. शब्दामुळे गैरसमज होतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचा कॅल्शियम विरघळवते. आम्लता पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जेवढा कमी तेवढे आम्ल तीव्र; तो ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच झिजू लागते. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि गेलेला खनिजांश थोडा परत देते. त्यासाठी तिला साधारण अर्धा तास लागतो, कधी जास्तही. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दाताच्या तुलनेत साधारण निम्म्या जाडीचे असते, म्हणून मुलांचा दात पोखरायला वेळ लागत नाही.

धुरी देऊन किंवा झाडपाल्याने दातातून किडा काढून दाखवणाऱ्यांकडे मुलाला नेऊ नका. तोंड भाजलेली मुले नंतर आमच्याकडे येतात.

आम्ही चॉकलेट देतच नाही. तरी कीड कशी लागली?

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पालकांना कालचा दिवस सांगायला लावते, उठल्यापासून झोपेपर्यंत.

असाच एक दिवस सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा, घर साखळी गावाच्या बाजूला, आईबाप दोघेही कामाला. सकाळी सातला आजोबांच्या चहात बुडवलेली दोन बिस्किटे. आठला पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आली, पोई (गोव्याचा पाव) आणि गोड दूध. दहाला पेज, सोबत लोणचे, ती चांगलीच. अकराला रडला म्हणून पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, तो खेळता खेळता तासभर चालला. दुपारी शीतकडी, म्हणजे आमटी-भात. झोपताना बाटली, दुधात साखर आणि चॉकलेटची पूड. चारला चहा आणि टोस्ट. साडेपाचला दुकानातून पाकीटबंद ज्यूस. संध्याकाळी आई कामावरून येताना केक घेऊन आली, कारण दिवसभर मूल दिसले नव्हते. रात्री जेवण, आणि मग पुन्हा बाटली.

यात चॉकलेटचा तुकडा कुठेच नाही. तरी दातांवर साखर आली आठ वेळा, आणि अकरा वाजताचा पुडा तर एकदा नव्हे, तासभर चालूच होता. लाळ दात सावरत होती तोच पुढचा घास येत होता. साखरेचे वजन महत्त्वाचे आहेच, पण ती किती वेळा येते आणि किती वेळ चिकटून राहते हे त्याहून महत्त्वाचे. जेवणानंतर एकदम खाल्लेला एक लाडू दाताला जेवढा सोसतो, तेवढा तोच लाडू चार तास कुरतडत खाल्लेला सोसत नाही.

कालचा दिवस असा कागदावर लिहिला, की मी काही बोलायच्या आधीच आईचे बोट त्या अकराच्या पुड्यावर जाते.

मग साखर किती चालेल? गूळ आणि मध तरी चालेल ना?

दोन वर्षांच्या आत वरून साखर घालूच नये. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा धरावी: वरून घातलेली साखर, मध, सरबते, फळांचा रस हे सगळे मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. लहान मुलाला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात असे धरले, तर ५ टक्के म्हणजे जेमतेम तीन चहाचे चमचे. दोन बाटल्या दुधातच ते संपतात.

गूळ, मध, काकवी, खजूर यांना जंतू साखरच समजतात. गूळ पौष्टिक असेल, पण दाताला तो साखरेहून जास्त चिकटतो. एक वर्षाच्या आत मध चाटवणे तर दातांपलीकडच्या कारणाने धोक्याचे आहे. त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. अख्खे फळ द्या. मोसमात मानकुराद आंबा खुशाल द्या, पण आंब्याचा रस बाटलीत भरून हातात देऊ नका.

रात्री बाटली नसेल तर झोपतच नाही. काय करू?

झोपेत लाळ अगदी कमी होते. दिवसा दाताला जो पहारा असतो, तो रात्री नसतो. त्यात गोड दुधाचे डबके वरच्या दातांमागे तासन्‌तास साचून राहते. एका रात्रीने काही होत नाही, पण वर्षभर रोज असेच चालले, तर पुढचे चारही दात जातात.

बाटली एका रात्रीत तोडायला मी सांगत नाही, घरात हाहाकार होतो. आधी साखर कमी करा: आज दोन चमचे, चार दिवसांनी दीड, मग एक, मग काहीच नाही. त्यानंतर दुधात पाणी वाढवत न्या, आणि शेवटी बाटलीत फक्त पाणी. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुले बाटली स्वतःच बाजूला टाकतात. झोपण्याआधीचे दूध पेल्यातून, बसून, दात घासण्याच्या आधी. वर्षाच्या सुमारास बाटली सोडवून पेला हातात देणे उत्तम. तिसऱ्या वर्षी सोडवणे चौपट अवघड जाते.

अंगावरच्या दुधानेही कीड लागते का? मी बंद करू?

बंद करू नका. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसत्या आईच्या दुधाने दाताचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते वर्षानंतर, जेव्हा दिवसभर बिस्किटे चालू असतात, दात घासलेले नसतात, आणि रात्रभर मूल मनाला येईल तेव्हा पीत राहते. त्यामुळे पहिला दात आला की घासणे सुरू करा, दिवसाची साखर कमी करा, आणि वर्षानंतर रात्रीचे पाजणे सावकाश घटवत न्या. "पाजलंस म्हणून दात किडले" असे कोणी सुनेला म्हणत असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

आम्ही दोघे कामाला जातो. आजी-आजोबा ऐकत नाहीत. त्यांना कसे सांगायचे?

गोव्यातल्या कितीतरी घरांत हेच चित्र आहे. आई वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात नाहीतर किनाऱ्यावरच्या हॉटेलात, बाप शिफ्टवर, आणि मूल आजीकडे. आजीचे गुडघे दुखतात, मूल रडते, बिस्किट दिले की शांत होते. यात आजीचा दोष शोधू नका. तिने स्वतःची मुले वाढवली तेव्हा घरात पाकीटबंद खाऊ नव्हता. तिच्या मायेची रीत जुनीच आहे, डब्यातला खाऊ तेवढा बदलला आहे.

आजीला "हे देऊ नका" म्हटले की ती दुखावते. तिला काय द्यायचे ते हातात ठेवा. सकाळी कामाला निघताना एका डब्यात उकडलेले चणे, काकडीचे तुकडे, केळे, भाजलेले शेंगदाणे ठेवून जा. शेंगदाणे मात्र चार वर्षांच्या पुढच्या मुलालाच, लहानाच्या घशात अडकतात. आणि शक्य झाल्यास तपासणीला आजीलाच घेऊन या. तिच्या हातात छोटा आरसा देऊन नातवाचे दात तिला स्वतः पाहू द्यावेत, असे मी करते. एका आजीने आरशात पाहिले, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग पिशवीतला बिस्किटाचा पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी जे अर्धा तास सांगितले असते ते त्या आरशाने सांगितले.

मोबाइल लावल्याशिवाय जेवत नाही, आणि घास गालात धरून बसतो. याचा दातांशी संबंध आहे?

आहे. घास गालात अर्धा तास राहिला, की भातातल्या पिठूळ अंशाची तोंडातच साखर होऊ लागते आणि ती दाढेला टेकून राहते. मोबाइलकडे पाहणारे मूल गिळायला विसरते. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटपा, उरले तर ताट उचला, शेवटी पाण्याचे दोन घोट द्या. भुकेलेले मूल पुढच्या वेळी जेवते. मधल्या खाण्याने भूक मारली नसेल, तर मोबाइलची गरजही कमी होते.

चवथ, जत्रा, वाढदिवस. सणाला मुलाला गोड नाही म्हणायचे का?

मुळीच नाही. चवथीला नेवऱ्या नाहीत, नागपंचमीला पातोळ्या नाहीत, असे बालपण कोणाच्या वाट्याला येऊ नये. अडचण सणाची नाही. चवथ उरकल्यावर नेवऱ्यांचा डबा पंधरा दिवस हाताला लागेल असा ओट्यावर राहतो, आणि येता-जाता एकेक तोंडात जाते, ती आहे. गोड पानात वाढा, जेवणासोबत, हवे तेवढे. जेवण झाले की डबा फळीवर.

जत्रेच्या खाज्याचेही तसेच. बेसनाच्या कांडीवर आले घातलेल्या गुळाचा थर, हे सांगतानाच माझ्याही तोंडाला पाणी सुटते. पण तो गूळ दाढेच्या खाचेत घट्ट बसतो, आणि मूल पुडी हातात धरून सबंध जत्रा फिरते. एका बैठकीत खाऊ द्या, वरून पाणी पाजा, घरी आल्यावर झोपण्याआधी दात घासा.

पेस्ट कोणती आणि किती घ्यायची? मुलाने गिळली तर?

पहिला दात दिसल्यापासून फ्लोराइडची, म्हणजे दाताचे कवच घट्ट करणाऱ्या खनिजाची पेस्ट, साधारण १००० पीपीएमची (दहा लाख भागांत फ्लोराइडचे हजार भाग). नळीवर आकडा छापलेला असतो, घेताना वाचा. मुलांसाठी म्हणून रंगीत चित्रांच्या नळीत मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी. सुरय तांदळाचा दाणा धरा, उकड्याचा जाड नको. त्यात फ्लोराइड फक्त ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असते, गिळले तरी भीती नाही. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट कोणत्याच मुलाला नको. बरीच वर्षे जास्त पेस्ट गिळत राहिले, तर पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे डाग येऊ शकतात, म्हणून नळी मुलाच्या हाताला लागू देऊ नका. घासून झाले की थुंकू द्या, पण खळखळून चूळ भरू नका. थोडी पेस्ट दातावर राहिली तरच उपयोग.

कोळसा, राखुंडी, मीठ नको. मशेरी तर मुलाच्या जवळपासही नको, तिच्यात तंबाखू असते.

ब्रश घेतला की तोंड घट्ट मिटतो. काय करायचे?

दोन मोठी माणसे गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती, डोके दुसऱ्याच्या मांडीवर. ज्याच्याकडे मुलाचे पाय त्याने हात धरायचे, ज्याच्याकडे डोके त्याने घासायचे. रडले तर तोंड उघडेच असते, तेवढ्यात दाढा आटपतात. घरात एकटेच असाल, तर मूल चटईवर झोपवून मागून घासा. आधी वरचे पुढचे दात, कारण मुलाने नंतर तोंड मिटले तरी सर्वांत जास्त धोक्यातले दात झालेले असतात.

दिवसातून दोनदा घासायचे, पण दोनदा जमत नसेल तर रात्रीचे सोडू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट घासता येत नाही. "तो स्वतः घासतो" हे कौतुकाने सांगतात, तेव्हा मी पाच वर्षांच्या मुलाला बुटाची नाडी बांधायला सांगते. बांधता आली नाही, की माझा मुद्दा त्यांच्या लक्षात येतो.

माझेच दात किडके आहेत. मुलालाही माझ्यामुळेच लागली का?

दात कसे असतील यात वारशाचा थोडा वाटा असतो, पण घराण्यात "दातच कच्चे" असतात असे म्हणतात त्यातले बरेचसे घराण्याच्या खाण्याचे आणि घासण्याचे असते. जंतू मात्र जवळच्या माणसांकडून मुलाच्या तोंडात येतात: एकच चमचा, चावून भरवलेला घास, फुंकून चाटून दिलेला पेला. चमचा वेगळा ठेवा. त्याहून उपयोगाचे म्हणजे गरोदरपणातच स्वतःचे दात दाखवून घ्या. गरोदर बाईने दातांचे उपचार करू नयेत हा समज चुकीचा आहे. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. आणि घरात कोणी धूम्रपान करत असेल तर तो धूर मुलापर्यंत पोहोचू देऊ नका. धुराच्या घरातल्या मुलांत कीड जास्त आढळते.

गरीब घरांतल्या मुलांनाच कीड जास्त लागते का?

कीड सगळ्या घरांत आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातल्या पाच वर्षांच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत ती आढळली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. पण ओझे सारखे वाटलेले नाही. कमी उत्पन्न, आईचे अपुरे शिक्षण, घरात मुले जास्त, अशा ठिकाणी कीड अधिक आणि उपचार कमी, हे देशोदेशी दिसून आले आहे.

त्याचे कारण अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बांधकामावर काम करणारी बाई भाड्याच्या एका खोलीत राहते. फळ महाग, बिस्किटाचा पुडा पाच रुपयांना, आणि तो दिला की मूल दोन तास गप्प राहून तिला काम करू देते. दात दाखवायला वाळपईच्या आतल्या गावातून बांबोळीच्या सरकारी दंत रुग्णालयात यायचे तर सबंध दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. दात दुखेपर्यंत ती येत नाही, कारण दुखत नसलेल्या दातासाठी मजुरी बुडवणे तिला परवडत नाही. तिला "रोज दोनदा ब्रश करा" एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे काहीच न सांगणे. तिच्या मुलापर्यंत फ्लोराइड अंगणवाडीतच पोहोचायला हवे.

उलट, पैसेवाल्या घरांतही वेगळ्या वाटेने तेच होते. फ्रिज ज्यूसने भरलेला, सांभाळणारी बाई वेगळी, आणि वेळ देता येत नाही म्हणून रोज आणलेला खाऊ.

सारखा सर्दी-खोकला असतो, सिरप चालू असते. त्याने दात बिघडतात?

पुष्कळशा सिरपमध्ये साखर असते. रात्रीचा डोस दात घासण्याआधी द्या आणि पाणी पाजा. साखरेविना सिरप मिळते का, ते डॉक्टरांना विचारा. लोहाच्या औषधाने दात काळपट होतात तो नुसता डाग असतो, कीड नव्हे. त्यासाठी औषध बंद करू नका.

दातांच्या डॉक्टरकडे कधी न्यायचे? एवढ्या लहान मुलावर उपचार होतात का?

पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, किंवा पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास. तेव्हा करण्यासारखे फारसे नसते, म्हणूनच न्यायचे.

पांढरी रेघ असेल तर फ्लोराइडचे वार्निश दातांवर लावतात, दोन मिनिटांचे काम, दर तीन ते सहा महिन्यांनी. छोटा खड्डा असेल तर ड्रिल न वापरता हाताच्या अवजाराने मऊ भाग खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येते. आणखी एक औषध आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. थेंबभर लावले की बऱ्याच दातांतली कीड जागच्या जागी थांबते, टोचावे लागत नाही, मूल रडत नाही. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. पुढच्या दातांवर ते काळे दिसणार याची कल्पना आईला आधी देते आणि निर्णय तिच्यावर सोडते. दाढेवर हे औषध बहुतेक पालक लगेच मान्य करतात. फ्लोराइडची पेस्ट, हे औषध आणि हे सिमेंट, तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत.

कीड फार वाढली असेल तर लहान मुलाला पूर्ण भूल देऊन सगळ्या दातांचे उपचार एकदम करावे लागतात. तिथवर पोहोचू नये यासाठीच वरचे सगळे सांगितले.

गाल सुजला, ताप आला किंवा हिरडीवर पुवाची पुळी दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, मूल गिळत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

गोव्यात सरकारी सोय कुठे आहे?

बांबोळीला १९८० मध्ये स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. त्याआधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात ते विचारून घ्या, दर वेळी बांबोळीपर्यंत जायची गरज नसते. अंगणवाडी आणि शाळांत मुलांची जी तपासणी होते, ती २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, आणि त्यात दातांची कीडही येते. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि नंतर सेविकेला विचारा: "दातांबद्दल काय लिहिलंय?"

अंगणवाडीत किंवा बालवाडीत पालक काय करू शकतात?

वाढदिवसाला चॉकलेटऐवजी केळी किंवा पेन्सिल वाटायची, असे सगळ्या पालकांनी मिळून ठरवले तर एकट्या मुलाला कमीपणा वाटत नाही. खाऊनंतर प्रत्येकाला पाणी. आणि सेविकेची तयारी असेल तर दुपारच्या जेवणानंतर ओळीत बसवून ब्रश. मुले एकमेकांचे पाहून पटकन शिकतात. घरी तोंड मिटणारी मुले तिथे हसत आ करतात.

हे सगळे एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

आज रात्रीपासून. मूल झोपण्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन तुम्ही स्वतः घासा, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नका. बाटली असेल तर तिच्यातली साखर अर्ध्या चमच्याने कमी करा. बाकीचे महिनाभर आहे तसे चालू दे. महिन्याने ओठ उचलून बघा, आणि काय दिसले ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. तपासणीला येताना ते पान घेऊन या.